साठ काड्यांचे टाकीटो

आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये दोन गोष्टींचा ढीग होतो. एक रिजेक्ट मालाचा आणि दुसरा किश्श्यांचा. रिजेक्ट मालाचं बरं असतं, दर शनिवारी टेम्पो येतो आणि घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही. ते कँटीनच्या टेबलावरच राहतात, आणि नवीन माणूस लागला की पहिल्याच दिवशी त्याच्या ताटात वाढले जातात. यातले निम्मे माझ्यावरचे आहेत. दुसऱ्यांनी तिखट-मीठ लावून सांगण्यापेक्षा म्हटलं आपणच सांगावेत, निदान तिखट तरी आपल्या हातचं!

आमची कंपनी चाकणला आहे. गाडीच्या दाराला आतून रबरी पट्टी असते ना, पाणी आत येऊ नये म्हणून, ती आम्ही बनवतो. मी तिथे ट्रेनी. दोन वर्षांचं ट्रेनिंग संपत आलं होतं. संपल्यावर एक तर कन्फर्मेशनचं पत्र मिळतं, नाहीतर हसतमुखाने निरोप. आमच्या आधीच्या बॅचमधल्या पाचांपैकी दोघी अशाच हसतमुखाने गेल्या. मला निरोप मिळाला असता तर मी थेट संगमनेरला, आणि तिथे आईने 'मृणालसाठी' असं लिहून एक वही तयारच ठेवली आहे. त्या वहीत कविता नाहीत.

पत्रावर सही करणार लिमये सर, आमचे हेड. सरांचा आवडता शब्द 'व्हाय?'. पट्टीवर ओरखडा आला, व्हाय? मशीन थांबलं, व्हाय? त्यांच्यासमोर कायम उभे असतात फायनल इन्स्पेक्शनचे बाळूभाऊ. चाकणजवळच्याच गावचे, डिपार्टमेंटमधले सगळ्यात जुने. सर विचारतात, "व्हाय?" बाळूभाऊ मान डोलावून म्हणतात, "व्हय." एकाने कारण विचारायचं आणि दुसऱ्याने दुजोरा द्यायचा, असं अकरा वर्षं चाललंय. दोघांनाही काही कमी पडलेलं दिसत नाही.

या किश्श्यांतली चौथी रेश्मा. कासारवाडीची. माझ्या एक वर्ष आधी लागली, कन्फर्मही झाली. ती कशालाच घाबरत नाही आणि मी सगळ्यालाच दचकते. शिफ्टच्या भोंग्याला दचकते, आणि तो रोज त्याच वेळी होतो! बाळूभाऊ तर माझ्या टेबलाकडे यायचं झालं की दहा पावलांवरूनच खोकतात. "ताई, येतोय बरं का!" मी तरी दचकतेच. खोकल्याला.

* * *

सोमवारची मीटिंग होती. सर सांगत होते की तीन आठवड्यांनी मेक्सिकोहून कस्टमरच्या एक मॅडम प्लांट बघायला येणार आहेत, त्यांचं समाधान झालं तर मोठी ऑर्डर आहे. इथपर्यंत मी ऐकलं. मग मनात आलं, तीन आठवड्यांनी म्हणजे माझं ट्रेनिंग संपतं त्याच आठवड्यात. मग ती वही आठवली. मग वहीतला तो निफाडचा मुलगा आठवला, ज्याला स्वयंपाकाची आवड असलेली मुलगी हवी आहे...

"...तर हे कोण करेल? मृणाल मॅडम?"

मी ताडकन उभी राहिले. "हो सर! मी करते सर!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर चक्क हसले. मी खाली बसले आणि हळूच रेश्माला विचारलं, "काय करायचंय गं?"

"साठ टाकीटो."

"कसला रिपोर्ट असतो तो?"

"चिकनचा!"

झालं असं होतं की एचआरला पाहुणीच्या जेवणात तिच्या देशाचा एक पदार्थ हवा होता. हॉटेलचा नको, कुणीतरी घरी केलेला. मी, जिच्या घरी दूध तापवायलाही दुसरं कुणी उभं राहतं, ती उभी राहिले होते.

संध्याकाळी नाही म्हणायला सरांच्या केबिनमध्ये गेले. सरांच्या समोर माझीच फाईल उघडी होती.

"बोला."

"सर, ते टाकीटो..."

सरांनी फाईलवर बोट ठेवलं. "यात तुमचे सगळे मार्क आहेत, मृणाल मॅडम. पण माणूस एकदा हो म्हटल्यावर पुढे काय करतो, ते यात कुठेच नाही. ते मला बघायला मिळेल. तुम्ही काय म्हणत होतात?"

"काही नाही सर. तिखट किती घालू?"

* * *

दुसऱ्या दिवशी जेवताना मी मोबाईलवर बघून सगळ्यांना समजावलं. मक्याची पातळ पोळी घ्यायची. चिकन शिजवून त्याचे धागे सोडवायचे. ते पोळीत भरून घट्ट सुरळी करायची, उघडू नये म्हणून दात कोरायची काडी टोचायची आणि कुरकुरीत तळायचं. तळल्यावर काडी काढायची.

बाळूभाऊंनी विचारलं, "आन् ह्याला म्हंत्यात काय?"

"टाकीटो."

"काय टाकितो?"

"नाही भाऊ, नावच टाकीटो."

"आवो ताई, ते कळालं. पर काय टाकितो, ते सांगा की!"

"चिकन."

"मंग असं म्हना ना, चिकन टाकितो!" बाळूभाऊंनी भाकरीचा तुकडा मोडला. "उगं आर्धंच बोलत्यात हे फारेनचे लोक."

संध्याकाळी आईला फोन केला. "आई, मला कंपनीसाठी टाकीटो करायचेत." पलीकडे मिक्सर चालू होता. आई म्हणाली "अगं बाई!" आणि फोन ठेवला. पाच मिनिटांत बाबांचा फोन. मी दचकलेच.

"मृणाल, घाबरू नकोस. आधी मेन व्हॉल्व्ह बंद कर."

"कसला व्हॉल्व्ह बाबा?"

"टाकी फुटलीय ना तुमची?"

* * *

पहिला प्रयत्न माझ्या रहाटणीच्या फ्लॅटवर, रविवारी. रेश्मा चिकन घेऊन येणार, पीठ माझ्याकडे. खालच्या दुकानात गेले. "काका, मक्याचं पीठ आहे?"

"कॉर्नफ्लोअर ना? हे घ्या."

मी कॉलेज शिकलेली मुलगी. कॉर्न म्हणजे मका, फ्लोअर म्हणजे पीठ. यात विचारण्यासारखं काय होतं?

पाणी घातलं तर ते पीठ मुठीत दाबल्यावर दगड व्हायचं आणि मूठ सोडली की बोटांतून वाहायला लागायचं. मी दोनदा किंचाळले. रेश्मा म्हणाली, "थांब, तव्यावर नीट होईल." तव्यावर त्याचा पांढरा, अर्धपारदर्शक पापुद्रा झाला आणि तो तव्यापासून निघेना. उलथनं लावलं तर उलथनंही चिकटलं. रेश्माने उलथनं धरून उचललं तर सगळा तवा वर आला!

तिने अम्मीला फोन लावला. अम्मीने शांतपणे एकच प्रश्न विचारला. "पिठाचा रंग कुठला आहे?"

"पांढराशुभ्र."

"अगं, मंचूरियनमध्ये घालतात ते आहे! मक्याचं पीठ पिवळं असतं, गिरणीत मिळतं. दोघी इंजिनियर, आणि रंग बघितला नाही?"

आमच्याकडे काहीही बिघडलं की त्याचं सॅम्पल जपून ठेवायची सवय आहे. सोमवारी सरांनी प्रगती विचारली तेव्हा मी घाबरून पर्समधून सॅम्पलची पिशवीच काढून दिली. सरांनी तो पापुद्रा दोन्ही हातांनी ताणला. सोडला. पुन्हा ताणला.

"फार चांगली ग्रिप आहे," सर म्हणाले. "व्हेंडर कोण?"

* * *

मग गिरणीतून पिवळं पीठ आणलं. पोळ्या झाल्या, पण सुरळी करायला गेलं की तडकायच्या. आठवडाभर मी डब्यात मक्याचे तुकडे खात होते. शेवटी बाळूभाऊंना बघवेना. शनिवारी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर ते आम्हा दोघींना घरी घेऊन गेले, वहिनींपुढे बसवलं आणि म्हणाले, "ह्यांची भाकरी वळत न्हाई."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "पानी कंचं घेती?"

"फिल्टरचं."

"आगं, फिल्टरचं घे न्हाईतर हिरीचं घे. उकळतं घेती का?"

"नाही..."

"मंग कशी वळंल? मका थंड पान्याला आयकत न्हाई."

त्यांनी उकळत्या पाण्यात पिठाची उकड काढली, मूठभर कणीक घातली, आणि एवढ्या जोरात मळलं की परात सरकत सरकत माझ्यापर्यंत आली. पापडासारखी पातळ भाकरी थापून तव्यावर टाकली. उतरवून माझ्यापुढे ठेवली. "घे, वळ."

मी ती निवायची वाट बघत बसले. हात भाजला असता! दोन मिनिटांनी सुरळी केली तर काड्कन मोडली. मी अर्थातच दचकले.

"आता गं बया! गरम हाय तवरच वळायची आसती. गार झाली की मोडती." वहिनींनी पुढची भाकरी फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. "मानसाचं उलटं आसतं. गरम हाय तवर वळवायला जाऊ न्हाई, गार होऊ द्यावं. मंग वळतं."

हे बोलताना त्यांनी बाळूभाऊंकडे बघितलं.

"व्हय," बाळूभाऊ म्हणाले.

* * *

राहिलं तळण. त्यासाठी पुढच्या रविवारी रेश्माच्या घरी गेलो. खाली तिच्या अब्बांचं गॅरेज आहे, वर घर. चिकन अम्मीने आधीच शिजवून ठेवलं होतं, जिरं, लसूण आणि लाल तिखट घालून. धागे सोडवत सोडवत आम्ही पाव किलो तरी तसंच खाल्लं.

तेल तापलं. मी कढईपासून चार फुटांवर उभी राहिले आणि तिथूनच पहिला टाकीटो टाकला. तेल उडालं, मी उडाले, आणि दुसरा टाकीटो फ्रीजच्या मागे गेला. तो अजून तिथेच आहे असं रेश्मा म्हणते.

आवाज ऐकून अब्बा जिना चढून वर आले. त्यांनी कढईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, दोघींमधलं अंतर बघितलं. "बेटा, लांबून टाकलं तर तेल उडणारच. जवळ ये, कडेने हळू सोड. आणि जोड खालती. वेल्डिंग असू दे का सुरळी, जोडाची बाजू आधी धरली की मग ती उघडत नाही."

"पण अब्बा, चेहऱ्यावर उडालं तर?"

अब्बा खाली गेले आणि वेल्डिंगचा मुखवटा घेऊन आले. तोंडभर झाकणारा, पुढे काळी काच.

काय सांगू तुम्हाला! मुखवटा घातला आणि माझी भीतीच गेली. कढईला अगदी चिकटून उभी राहिले. जोड खाली, हळू सोडला, कडेने. एकही उघडला नाही! एका दमात बारा तळले. काचेतून तर इतके सुंदर दिसत होते, गडद, तकतकीत. मला वाटलं अजून जरा होऊ द्यावेत.

मुखवटा वर केला. ताटात बारा कोळसे होते.

मग अम्मीने एक उचलून टेबलावर टकटक वाजवला. "काही नाही, छान झालेत," ती म्हणाली. "पण गं, तळताना कुणी तोंड लपवत नाही. लपवायचं असेल तर वाढताना लपव."

त्यानंतरचे बारा मी मुखवट्याशिवाय तळले. अब्बा बाजूला उभे राहून दर वेळी म्हणायचे, "आता सोडते आहेस. घाबरू नको. आता उडणार नाही." मी दर वेळी दचकले, पण हात हलला नाही.

* * *

पाहुणीच्या दोन दिवस आधी सरांनी ट्रायल लॉट मागवला. सर शाकाहारी आहेत. "मी खात नाही," ते म्हणाले, "पण बघू शकतो." आणि खिशातून व्हर्निअर काढला. मोजपट्टीसारखा, पण केसाएवढा फरकही दाखवतो तो.

"हा बावीस मिलिमीटर. हा सव्वीस. व्हाय?"

"व्हय," बाळूभाऊ म्हणाले.

"सर, त्यात चिकन जास्त झालं," मी म्हटलं.

बाळूभाऊंनी कुठूनतरी एक लोखंडी कडं शोधून आणलं. कड्यातून टाकीटो गेला तर पास. अडकला तर बाळूभाऊ म्हणायचे, "ह्यो बसत न्हाई, टाकितो," आणि तोंडात टाकायचे. कडं त्यांनी जरा लहानच आणलं होतं असा रेश्माला अजूनही संशय आहे.

कुरकुरीतपणा कसा तपासायचा हा पेच पडला. सर खाणार नाहीत, आणि सही तर सरांची हवी. शेवटी सरांनी कॉम्प्रेसर दोन मिनिटं बंद करायला लावला. शॉपवर, म्हणजे मशीनच्या हॉलमध्ये, एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. सर डोळे मिटून उभे राहिले. रेश्माने त्यांच्या कानाजवळ एक टाकीटो मोडला.

कुर्रर्रर्र!

"पास," सर म्हणाले. "कॉम्प्रेसर चालू करा."

जाता जाता दोन गोष्टी बजावल्या. पहिली, काड्या मोजून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या, जशा आम्ही पट्टी कापायच्या ब्लेड मोजतो. जेवणात काडी राहिली तर पाहुणीच्या घशात जाईल. दुसरी गोष्ट आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मालाबद्दल शंका आली की माल लाल ट्रेमध्ये. लाल ट्रेला कुणी हात लावायचा नाही.

"काही चुकलं तर, सर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तर आधी मला सांगायचं. झाकायचं नाही." आणि मग, दाराशी थांबून, "पत्रं शुक्रवारी निघतात."

* * *

तो दिवस गुरुवार होता.

सकाळी रेश्माच्या घरी साठ सुरळ्या केल्या, साठ काड्या टोचल्या. डबे घेऊन कंपनीत आलो. कँटीनच्या कढईवर मी तळणार, रेश्मा काड्या काढून वाटीत टाकणार, बाळूभाऊ ट्रे नेणार. बाराचा एक घाणा, असे पाच. पहिल्या घाण्याला बारा काड्या परत. दुसऱ्याला बारा. तिसरा, चौथा, बारा-बारा. आणि पाचवा घाणा! इतका सोनेरी, इतका सारखा की मी स्वतःच बघत राहिले. एकही उघडला नव्हता.

"अकरा," रेश्मा म्हणाली.

"पुन्हा मोज."

"अकराच आहेत, मृणाल."

आम्ही कढईत बघितलं, जमिनीवर बघितलं, रेश्माच्या ओढणीत बघितलं. बाळूभाऊही वाकून टेबलाखाली बघून आले. काडी नव्हती. म्हणजे ती त्या बारापैकी एकात होती. एक वाजायला दहा मिनिटं होती, आणि काचेच्या दारातून सर आणि पाहुण्या मॅडम येताना दिसत होत्या.

रेश्मा म्हणाली, "मोडून बघू या."

"बाराच्या बारा? वेळ कुठे आहे!"

दोन वर्षांत एक गोष्ट अंगात मुरली होती. ते बारा मी लाल ट्रेमध्ये ठेवले. टॅगवर लिहिलं, 'थांबा. काडीचा संशय. हात लावू नये.' ट्रे भिंतीकडच्या टेबलावर सरकवला आणि अठ्ठेचाळीस चांगले पुढे मांडले.

पाहुण्या मॅडम म्हणजे अगदी माझ्या सिन्नरच्या मावशीसारख्या! ठेंगण्या, पिकलेल्या केसांचा अंबाडा, पायात जाड तळाचे बूट. मला जरा धीर आला. त्यांनी हात धुतले, सगळ्यांना हसून नमस्कार केला, मांडलेल्या ट्रेकडे बघितलं. आणि मग सरळ भिंतीकडे चालायला लागल्या.

मी विसरले होते. त्या ऑडिटर होत्या, हिशेबाच्या नव्हे, मालाच्या. जगातला कुठलाही ऑडिटर आत आला की आधी लाल ट्रे बघतो!

त्यांनी टॅग हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. टॅग मराठीत होता. मी घाईत मराठीत लिहिला होता! त्यांनी वाकून वास घेतला आणि एक उचलला.

मी तोंड उघडलं. आवाज निघेना.

कुर्रर्र. पहिला घास.

मॅडमनी डोळे मिटले. दुसरा घास घेणार, तेवढ्यात माझा आवाज सापडला.

"काडीऽऽऽऽ!"

अख्खं कँटीन जागच्या जागी थिजलं. सरांच्या हातातला ताकाचा ग्लास सांडला. भात वाढणाऱ्या मामांचा डाव ताटाऐवजी टेबलावर गेला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यामुळे दुसरे दचकले!

सगळ्यात जास्त दचकले बाळूभाऊ. त्यांनी तोंडातून काहीतरी बाहेर काढलं, उजेडात धरून बघितलं आणि विचारलं,

"ही का?"

* * *

मॅडमनी लाल ट्रेमधले पाच खाल्ले. सहावा रुमालात बांधून घेतला. अठ्ठेचाळीस चांगल्यांपैकी दोन चाखले आणि मान हलवली, म्हणजे वाईट नाहीत अशी. बाकीचे सेकंड शिफ्टने संपवले.

दुपारी त्यांनी सगळा प्लांट पाहिला. पट्टीत चूक नाही, मशीनमध्ये नाही, रेकॉर्डमध्ये नाही. ऑडिटच्या शेवटी चुकांचा एक कागद भरतात, त्यावर एकच ओळ होती. 'उत्तम माल लाल ट्रेमध्ये आढळला. टॅग फक्त स्थानिक भाषेत.' खाली सही. मॅडम हसत होत्या की नाही ते मला कळलं नाही, मी मान वर केलीच नव्हती.

चूक निघाली की तिचं मूळ शोधावं लागतं. त्यासाठी छापील फॉर्म असतो, त्यात पाच वेळा 'का?' विचारायचं आणि खरं ते लिहायचं. शुक्रवारी सकाळी सरांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. "तुमचा माल, तुमचा फॉर्म," एवढंच म्हणाले.

मी रेश्माला म्हटलं, "संपलं गं. आज पत्रं निघतात, आणि आजच माझ्या हाताने माझी चूक लिहायची."

"झाकायचं नाही म्हणालेत ना? लिही."

मी बाळूभाऊंना समोर बसवलं आणि लिहिलं.

उत्तम माल लाल ट्रेमध्ये का? काडी एक कमी भरली.

काडी कमी का भरली? वापरात होती.

वापरात का होती? बाळूभाऊंच्या दातात चिकनचा धागा अडकला होता.

धागा का अडकला? तळण चालू असताना त्यांनी मंगळवारच्या ट्रायलमधले, कड्यातून न गेलेले, राखून ठेवलेले चार टाकीटो खाल्ले.

पाचवा 'का' राहिला. "भाऊ, आम्ही सगळे काडी शोधत होतो. तुम्ही तर टेबलाखालीसुद्धा बघून आलात. मग तोंडात आहे हे सांगितलं का नाही? व्हाय?"

बाळूभाऊंनी मान डोलावली.

"व्हय," ते म्हणाले.

मी तेच लिहिलं. खाली लिहिलं, 'तयार करणार: मृणाल, ट्रेनी,' आणि केबिनमध्ये नेऊन दिलं.

सरांनी फॉर्म वाचला. पाचव्या ओळीवर थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हसले नाहीत. मग लाल पेन उचललं. त्यांनी अगदी खाली, माझ्या नावाच्या पुढे, 'ट्रेनी' हा एकच शब्द आडवी रेघ मारून खोडला आणि सही केली.

"चुकलंय का सर काही?"

"हो. आजपासून तसं लिहायचं नाही."

मी फॉर्म घेऊन धावत बाहेर आले. "रेश्मा, माझं पदच काढून टाकलं गं! नुसतं नाव ठेवलंय!"

रेश्माने कागद हातात घेतला. ती रेघ बघितली. माझ्याकडे बघितलं. पुन्हा रेघ बघितली. मग खुर्चीवर उभी राहिली आणि सबंध शॉपला ऐकू जाईल एवढ्या जोरात ओरडली,

"भाऊ! वहिनींना फोन लावा, उकड काढायला सांगा!"

मी दचकले.

लांबून, दहा पावलांवरून, आधी खोकला आला आणि मग बाळूभाऊ.

"व्हय," ते म्हणाले. "पर काड्या मोजून घ्या."